भांडणात माझं नाव घाला

रेल्वे कॉलनी, दौंड
१२ जानेवारी १९५८

बाबा,

एस्तेरचा सलाम. तुम्ही उलट सलाम करणार नाही हे धरूनच चालले आहे, तेव्हा तो इथे ठेवते आणि पुढे लिहिते.

तुम्ही शिरूरच्या घराला कुलूप लावून राहू गावी आनंदरावांच्या गुऱ्हाळावर राहायला गेलात, हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. कळलं ते पाळकसाहेबांच्या कार्डावरून. "मास्तरांनी शाळा सोडली, चर्चची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि उपदेशाला दुसरा माणूस बघा म्हणाले," असं त्यांनी लिहिलं होतं. तुमच्या जावयाने, याकोबने, ते कार्ड मला दोनदा वाचून दाखवलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं, पण दिवसभर इंजिनात कोळसा टाकून त्याच्या कानांत वाफेचा आवाज भरलेला असतो आणि त्याला वाटतं सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं.

आनंदराव तुमचे जुने विद्यार्थी, माणूस लाख मोलाचा, हे मान्य. पण बाबा, काहिलीत रस उकळणाऱ्या माणसांत तुम्ही काय करता? तुम्हाला तर चहात साखर किती घालायची तेही आई गेल्यावर मी सांगत होते.

आता जे बोलायचं ते बोलून टाकते. शिमोनच्या मातीला मी गायन म्हटलं, म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. त्याची मी माफी मागणार नाही. माझा भाऊ जन्मभर भजनाला तबला वाजवत आला. त्याला ताप आला तेव्हा तुम्ही भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलंत, "पुढच्या रविवारी शिमोन तबल्यावर बसलेला दिसेल, मी देवाकडून वचन घेतलंय." शनिवारी तो गेला. तुमचं काय झालं असेल ते मला कळत नाही असं समजू नका. पण कबरीपाशी तुम्ही सगळ्यांना म्हणालात, "कुणी तोंड उघडायचं नाही." पाळकसाहेबसुद्धा गप्प. नुसता फावड्याचा आवाज. माझ्या भावाला मुक्याने पुरायचं हे मला सहन झालं नाही, म्हणून मी सुरुवात केली आणि मग बाकीच्यांनी साथ दिली. तुम्ही मध्येच निघालात. जाताना म्हणालात, "त्याची स्तुती करायची तर तुझ्या घरी कर. माझ्या घरी त्याचं नाव नको."

ज्या घरात मी त्याचं नाव शिकले तेच ते घर, बाबा.

तुमच्या संध्याकाळच्या प्रार्थना आठवतात का? आई भाकऱ्या झाकून ठेवायची, आम्ही दोघं गोणपाटावर, पोटात कावळे कोकलतायत, आणि तुम्ही सुरुवात करायचात ती थेट आकाशापासून. तू सूर्य पेटवलास, तू समुद्राला हद्द घातलीस. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता. डोंगर, वारे, तारे असं करत करत तुम्ही खाली यायचात, आणि मग आमच्या गल्लीत शिरायचात. तुळजाबाईंच्या म्हशीचा पाय मुरगळलाय. कासारांच्या लेकीला सासरी मारतात. शिमोन गणितात मन लावत नाही. एस्तेर उलट बोलते. एकेकाचं नाव घेऊन सांगायचात. मी आणि शिमोन पैज लावायचो, आज आधी कुणाची तक्रार होते.

एकदा मी विचारलं होतं, "देवाला सगळं माहीत असतं तर त्याला म्हशीचं कशाला सांगायचं?" तुम्ही म्हणालात, "आपल्या माणसाला माहीत असलं तरी आपण घरी आल्यावर सांगतोच की नाही?" तेव्हापासून मला वाटायचं की ज्याने आभाळ उभं केलं तो रोज संध्याकाळी येऊन आमच्या गोणपाटाच्या कडेला मांडी घालून बसतो आणि त्याला तुळजाबाईंची म्हैस चांगली ओळखू येते. आजही वाटतं. हे तुम्हीच माझ्या डोक्यात घातलंत, आता तुम्ही म्हणालात म्हणून ते निघणार नाही.

बाकी ठीक. हल्ली मला धूर सोसत नाही. शेजारची बिबीजान, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या वजीरभाईंची बायको, मला रोज चिंच आणून देते. एवढंच नवीन.

तुमची,
एस्तेर


दौंड
९ मार्च १९५८

बाबा,

काल आनंदराव आले होते. चरकाचा दात तुटला, तो इथल्या लोहाराकडून करून घ्यायचा होता. गुळाची ढेप आणली होती. ओट्यावर बसले, चहा बशीत ओतून प्यायले, आणि तरी उठेनात. फेट्याचं टोक पिळत बसले होते. शेवटी मीच विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना?

"तब्येतीचं काय न्हाई ताई. भाकरी खात्यात, पोरांस्नी पाढं शिकिवत्यात. पर एक इचारायचं हुतं. तुमी रागावू नका."

"विचारा की."

"मास्तर रोज तिन्हीसांजंला इहिरीपाशी जात्यात. मोटंचं बैल सोडलं की त्या उतारावर हुभं राहत्यात आन् देवाला बोलत्यात. बोलत्यात म्हंजी काय, झाडत्यात! पहिल्यांदा मला वाटलं गड्यावर चिडलं. जवळ जाऊन ऐकलं तवा तसाच मागारी फिरलो."

"काय म्हणतात?"

आनंदरावांनी आजूबाजूला बघितलं. जणू कुणी वरून ऐकेल. "म्हणत्यात, तू डोंगरं हुबी केलीस, आन् तुला एका पोराचा ताप उतरवता आला न्हाई व्हय? तू माजा बाप म्हणवतूस, मंग बापावानी वाग की! असं तोंडावर! आन् मंग गप बसत्यात, लई येळ. पलीकडनं कुणी बोलतंय आन् हे ऐकत्यात, असं. त्येचं मला जास्त भ्या वाटतं."

बाबा, मला हसू आलं. आधी हसू आलं आणि मग ते थांबेना, डोळ्यांना पदर लावून मी हसत होते आणि रडत होते. आनंदराव घाबरले.

"हसताय काय ताई? आमी देवाला नवस बोलतो, कौल लावतो. पर त्याला हुब्या हुब्या जाब इचारायचा म्हंजी... माज्या उसावर कोप हुईल का वो? मास्तरांस्नी नगा म्हणायची माजी छाती न्हाई, म्हणून तुमच्याकडं आलो."

मी त्यांना म्हटलं, "उसाची काळजी करू नका. त्यांचा देव मोठा आहे, आणि शिवाय त्यांचा आहे." त्यांना कितपत पटलं कोण जाणे. जाताना म्हणाले, "मोठा असंल तर ऐकून घील. ल्हान असता तर रागावला असता." हे वाक्य मी तुमच्या कोणत्याही उपदेशाच्या बरोबरीने ठेवीन. तुम्हाला कळवते म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचा तुम्हाला अभिमान वाटेल.

आता माझं ऐका. तुम्ही पाळकसाहेबांना सांगितलंत की मी देवाशी संबंध तोडला. मला सांगितलंत, त्याचं नाव नको. आणि रोज दिवेलागणीला न चुकता त्याच्यासमोर जाऊन उभे राहता! माझ्याशी संबंध तोडलात तो कसा तोडलात ते मला चांगलं ठाऊक आहे. एक शब्द नाही, एक कार्ड नाही. संबंध तोडणं त्याला म्हणतात. हे जे विहिरीवर चाललंय त्याला घरचं भांडण म्हणतात.

मला खरं तर त्याचा हेवा वाटतो. मलाही असं रोज झाडलंत तर चालेल.

आणि तुमचं कौतुक वाटतं. हे मी पूर्वी कधी तोंडावर बोलले नसते. इथे कॉलनीत प्रार्थनेला येतात ते सगळे देवाशी साहेबाशी बोलावं तसं बोलतात, अर्ज केल्यासारखं, हात जोडून, आवाज खाली. मीही तशीच बोलते. माझ्या ओळखीत तुम्ही एकटे असे आहात की ज्याने तारे केले त्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारता, माझं पोर कुठे आहे? तो तुमचं ऐकतो याची खात्री असल्याशिवाय माणूस इतक्या मोठ्याने ओरडत नाही. बाबा, शिमोन गेल्यावर तुमचा विश्वास गेला असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आमच्या सगळ्यांचा गोळा केला तरी तुमच्या एका संध्याकाळी पुरणार नाही.

लोहाराने दात चांगला केला आहे असं आनंदरावांना सांगा.

एस्तेर


दौंड
ईस्टर रविवार, ६ एप्रिल १९५८

बाबा,

सलाम. सकाळी याकोबची ड्यूटी होती म्हणून आम्ही कॉलनीतल्या खोलीत पहाटेचं गायन लवकर आटोपलं. खोलीत पेटी आहे, तबला नाही. मी मुद्दाम पेटीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं नाही.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. चिंचेवरून तुम्ही ओळखली असेल. नसेल ओळखली तर सांगते, मला दिवस गेले आहेत. जूनच्या अखेरीस बाळंत होईन.

लपवली, कारण सांगितलं असतं तर तुम्ही काळजीने पत्र लिहिलं असतं. मला काळजीचं पत्र नको होतं, रागाचं चाललं असतं पण माझ्यासाठी लिहिलेलं हवं होतं. आता सांगते, कारण आता मी घाबरले आहे. दवाखान्यातली नर्सबाई म्हणते, मूल नीट फिरलेलं नाही, अजून वेळ आहे, फिरेल. बिबीजान पोटावर हात ठेवून म्हणते, "बसलंय गं पोरी आरामात, खुर्चीत बसल्यासारखं. पाय खाली, डोकं वर. साहेब होणार." ती हसवते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच दुवा मागते. मला ऐकू येतं.

मी प्रार्थना करायला बसते आणि मला शब्द येत नाहीत. आकाशापासून सुरुवात केली तर माझ्यापर्यंत पोचत नाही. माझ्यापासून सुरुवात केली तर पुढेच जात नाही. "हे बापा, मला," एवढंच. ज्याने इतकं मोठं सगळं चालवलंय त्याला माझ्या पोटातल्या एवढ्याशा पायांचं काय सांगायचं, असं वाटतं. म्हशीचं सांगणाऱ्या माणसाची मी लेक, आणि मला असं वाटतं!

म्हणून एक मागते. तुम्ही त्याच्याशी समेट करा असं मी म्हणत नाही. तो तुमच्या दोघांतला मामला आहे. भांडण थांबवू नका. फक्त त्या भांडणात माझं नाव घाला. शिमोनचा जाब विचारून झाला की एकदा म्हणा, "आणि ही एस्तेर." एवढंच. माझ्याशी बोलू नका, त्याच्याशी माझ्याबद्दल बोला.

कबरीपाशी जे झालं त्याचा राग मला अजून आहे. पण माझं नाव त्याच्यापुढे तुमच्या तोंडून गेलेलं मला हवं आहे.

एस्तेर


दौंड
८ जून १९५८

बाबा,

तुमचं उत्तर नाही. आनंदरावांचा निरोप आला की मास्तर पत्र वाचतात, खिशात ठेवतात आणि विहिरीकडे जातात. माझं नाव घेतलं का विचारलं तर निरोप आणणाऱ्या माणसाला काही माहीत नाही. म्हणाला, "मास्तर हल्ली मोठ्यांदी न्हाई बोलत. नुस्तं हुबं राहत्यात."

गप्प झालात? बरोबर आत्ताच?

मूल फिरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात वेळ आली तर पुण्याला न्यावं लागेल, नाही तर इथेच करू. याकोब माझ्यासमोर शिट्टी वाजवत हिंडतो आणि मी पाठ फिरवली की भिंतीला डोकं टेकून उभा राहतो.

तुम्हाला भीती वाटते, हे मला कळतं. मागच्या वेळी तुम्ही नाव घेऊन मागितलंत आणि मिळालं नाही. आता माझं नाव घेतलंत आणि मी गेले, तर मग तुमच्याकडे त्याला बोलायलाही काही उरणार नाही. म्हणून तुम्ही माझं नाव दडवून ठेवताय. बाबा, त्याच्यापासून मला दडवू नका. मी गेले तरी मी कुठे जाणार आहे? त्याच्याकडेच ना? मग जिच्याबद्दल तुम्ही कधी काही सांगितलंच नाही अशी पोरगी म्हणून मला पाठवू नका.

हात सुजले आहेत, अक्षर लागत नसेल. तुम्ही मास्तर आहात, लावून घ्या.

एस्तेर


दौंड
२९ जून १९५८

बाबा,

मुलगी झाली. पायांकडून आली. इथेच, दवाखान्यात, भर दुपारी. आधी निळी पडली होती आणि रडली नाही. नर्सबाई तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारत होती, डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, आणि दाराबाहेर बिबीजान मोठमोठ्याने अल्लाला हाका मारत होती, शेवटी आया तिला ओरडली. मग ती रडली. आया नव्हे, माझी मुलगी. अजून लहानखुरी आहे, दूध ओढताना दमते, पण डॉक्टर आता माझ्याकडे बघून बोलतात.

बिबीजानची कंबर गेली चार वर्षं धरलेली आहे. ती म्हणते पायाळू पोरीचे पाय लागले की उसण जाते. रोज येते, पालथी पडते आणि पोरीचे पाय कंबरेला लावून घेते. पोरीचे पाय केवढे, हिची कंबर केवढी! पण आज म्हणाली, बरं वाटतंय.

काल आनंदराव तुपाचा डबा घेऊन आले. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही मला कधी सांगणार नाही.

"ताई, तुमचं ते वाकड्या अक्षराचं पत्र आलं. मास्तरांनी वाचलं आन् तसंच इहिरीकडं गेलं, चपला बी घातल्या न्हाईत. जरा येळानं हाक आली, 'एस्तेर!' अशी, शिवार दणाणलं. मला वाटलं तुमीच आलाव. आमची मंडळी चुलीपुढनं उठून दारात आली. गडी वाटंकडं बघाया लागला. वाटंवर कुणी न्हवतं. मास्तर आभाळाकडं तोंड करून वरडत हुतं."

"पुढे काय म्हणाले?"

"पुढं काय बी न्हाई. नुस्तं नाव. पुन्ना पुन्ना. त्यो देव जणू लांब गेलाय आन् गाडी सुटायच्या आत त्येला गाठायचंय."

"रडत होते?"

"ते इचारू नका," आनंदराव म्हणाले आणि फेट्याचं टोक पिळू लागले. मग म्हणाले, "रोज चाललंय. आता गडी बी ऐन टायमाला टोपी काढून हुबा राहतो."

हे तुम्ही कोणत्या दिवशी सुरू केलंत ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मुलीच्या जन्माच्या वाराशी मेळ घालत बसले असते. आणि मेळ बसला असता, तर शिमोनच्या वेळी का बसला नाही, हा तुमचा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला असता. तो तसाही उभा आहे. मुलीला मांडीवर घेऊन विचार केला तरी मला त्याचं उत्तर येत नाही. मला एवढंच येतं, की मी टेबलावर होते, मला काही दिसत नव्हतं, आणि मी एकटी नव्हते. कुणी हात धरला होता असंही नाही. कुणीतरी मला ओळखत होतं, एवढंच. याहून चांगलं मला सांगता येत नाही आणि याहून कमी सांगितलं तर खोटं होईल.

पाळकसाहेब म्हणतात पोर नाजूक आहे, बाप्तिस्मा लांबवू नका. शिरूरहून ते येतील. याकोबची आई नावं सुचवते, कॉलनी नावं सुचवते. मी सगळ्यांना थांबवलं आहे. नाव तुम्ही ठेवायचं. जे नाव तुम्हाला रोज संध्याकाळी मोठ्याने हाक मारून त्याला सांगायचं आहे, ते तुम्हीच निवडा. ती बरी राहिली तरी सांगायचंय, आणि नाही राहिली तरी.

याल?

एस्तेर


राहू
६ जुलै १९५८

चि. एस्तेर,

पत्रं पोचली. सगळी.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. आनंदराव केडगावपर्यंत बैलगाडीने सोडतो म्हणतो. त्यालाही यायचंय, बाप्तिस्मा म्हणजे काय असतं ते बघायचंय त्याला. पुढे बसू दे.

बाप्तिस्मा पाळक देतील, ते त्यांचं काम. मी उभा राहीन. गायन तू सुरू कर. मी मध्येच जाणार नाही.

त्याच्याशी माझं मिटलेलं नाही. शिमोनचं तो सांगत नाही, आणि मी विचारायचं सोडणार नाही. काल नेहमीसारखा विहिरीवर गेलो. विचार केला, आधी पोरीचं नाव घ्यावं, मग जुनं प्रकरण काढावं. तिचं नाव घेतलं आणि पुढचा शब्द तोंडातून आला तो उपकार मानण्याचा. मला राग आला. परत नाव घेतलं, परत तोच शब्द. मग अंधार पडेपर्यंत तेवढंच चाललं आणि भांडायचं राहून गेलं.

कंबरेला पाय लावू देतेस ते ठीक, पण पावसा-वाऱ्यात पोरीचं डोकं झाकत जा.

नाव ठरवलं आहे. अजून फक्त त्यालाच सांगितलंय. तुला आल्यावर सांगतो.

तुझा,
बाबा